गोदावरीवरचे दोन बंधारे

राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरम येथे, १८५२ साली गोदावरीवरचा दगडी बंधारा पुरा झाला. त्याच नदीवर तिथून सुमारे दोनशे किलोमीटर वर, भद्राचलमच्या पलीकडे दुम्मागुडेमला, काही वर्षांनी दुसरा बंधारा उभा राहिला. दोन्ही ठिकाणी नदी अडवून बाजूने कालवा काढला होता, आणि दोन्ही ठिकाणी होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे लॉक होते. त्यामागचे अभियंते मद्रासच्या एकाच पलटणीतले होते, बांधण्याची रीतही एकच होती. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने एका उजाड होत चाललेल्या मुलखाचे भाताचे कोठार केले आणि त्याच्या कालव्यांतून शंभर वर्षे होड्या फिरल्या. दुम्मागुडेमच्या वरचे काम मात्र सुमारे सात लाख पौंड खर्च झाल्यावर १८७१ मध्ये सरकारने सोडून दिले. या फरकाचे कारण सहसा एका शब्दात सांगितले जाते: रेल्वे. ते उत्तर अपुरे आहे असे माझे म्हणणे आहे. धवळेश्वरमची होडी ज्या पाण्यावर तरंगत होती त्याचा खर्च शेताने आधीच उचलला होता, आणि वरच्या गोदावरीत तो उचलणारे कोणीच नव्हते. लॉकचा इतिहास लिहिताना दरवाजे, भिंती आणि मापे यांचे वर्णन भरपूर होते. या पाण्याचा धनी कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि तो विचारल्याशिवाय या दोन बंधाऱ्यांचे नशीब उलगडत नाही.

आधी धवळेश्वरमची परिस्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोदावरीचा त्रिभुज प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात होता आणि त्याची अवस्था वाईट होती. पावसाळ्यात नदी काठ ओलांडून पिके बुडवी, आणि पाऊस संपला की तेच पाणी शेतांच्या डोळ्यांदेखत समुद्राला जाऊन मिळे. १८३२-३३ च्या दुष्काळाने गुंटूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अतोनात माणसे मेली. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या दोन दशकांत लाखाहून अधिकाने घटली आणि महसूल आटत गेला. कारणे शोधण्यासाठी सरकारने हेन्री माँटगोमेरी यांना पाठवले. त्यांच्या पाठोपाठ अभियंते आर्थर कॉटन यांनी १८४४ आणि १८४५ मध्ये अहवाल दिले. कॉटन यांनी आधी तंजावरकडे काम केले होते. तिथे कावेरीच्या पाण्यावर शतकानुशतके भात पिकत होता आणि सरकारी तिजोरीही भरत होती. त्यांचा युक्तिवाद या तुलनेवरच उभा होता: जमीन तशीच, ऊन तसेच, माणसे तशीच आणि नदी तर कावेरीहून कितीतरी मोठी, मग एक जिल्हा सुखी आणि दुसरा उपाशी का? १८४६ च्या अखेरीस लंडनहून मंजुरी आली आणि १८४७ मध्ये काम सुरू झाले. सरकारला यात दयेपेक्षा महसूल दिसत होता, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. उलट माझ्या मुद्द्याला त्याने बळच मिळते. या बंधाऱ्याचा खर्च कोणाकडून निघणार, हे पहिला दगड पडण्याआधीच ठरलेले होते.

जागेची निवडही विचार करण्याजोगी होती. पापी टेकड्यांच्या खिंडीतून सुटलेली गोदावरी धवळेश्वरमजवळ एकदम पसरते आणि मधल्या बेटांमुळे चार फाट्यांत विभागते: धवळेश्वरम, राली, मद्दूर आणि विज्जेश्वरम. पात्र रुंद झाल्यामुळे पुराची खोली कमी होते, आणि बेटांमुळे काम एकेका फाट्यावर, इतर फाट्यांतून नदीला वाट मोकळी ठेवून, करता येते. चारही फाट्यांवरचे बांधकाम मिळून सुमारे बारा हजार फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून थोडे जास्त भरले. उंची मात्र केवळ बारा फूट. आजच्या धरणांच्या हिशेबात ही उंची किरकोळ वाटेल, पण हे पाणी साठवणारे धरण नव्हतेच. उन्हाळ्यातल्या नदीची पातळी कालव्यांच्या तोंडापर्यंत उचलायची आणि पावसाळ्यात साऱ्या पुराला माथ्यावरून निर्धास्त जाऊ द्यायचे, एवढेच त्याचे काम. जी नदी १९८६ च्या ऑगस्टमध्ये याच ठिकाणी ३५ लाख क्युसेकहून अधिक पाणी घेऊन आली, तिला अडवण्याचा विचार १८४७ मध्ये करणे वेडेपणा ठरला असता. कॉटन यांनी तिला अडवले नाही, उचलले. या संयमाला मी त्यांच्या कल्पकतेपेक्षा वरचे स्थान देतो.

खरी अडचण पायाची होती. पात्रात कुठेही खडक हाती लागत नव्हता, खोल खोल वाळूच होती. त्या काळच्या युरोपीय पाठ्यपुस्तकांत याला सोपे उत्तर नव्हते. उत्तर कावेरीवर होते. परंपरेने करिकाल चोळाच्या नावावर असलेला कल्लणै हा बंधारा शतकानुशतके वाळूवर टिकून होता. मोठे दगड वाळूत टाकायचे, ते बसत गेले की त्यांवर आणखी टाकायचे, आणि खाली खचणे थांबले की त्या स्थिरावलेल्या राशीवर बांधकाम चढवायचे, ही त्याची युक्ती. १८३६ मध्ये कोळ्ळिडम नदीवरचे बंधारे बांधताना कॉटन यांनी ती जवळून अभ्यासली होती. वाळूत पाया घालण्याची विद्या आपण इथल्या जुन्या बांधकाऱ्यांकडून शिकलो, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून मान्य केले. धवळेश्वरमला या विद्येला विहिरींच्या पायाची जोड मिळाली: वाळूत विटांच्या विहिरी उतरवायच्या, आत भराव घालायचा, त्यांवर चुन्यातल्या भिंती चढवायच्या आणि पुढच्या बाजूला मोठ्या सुट्या दगडांचा रुंद उतार पसरायचा. माथ्यावरून कोसळणारे पाणी भिंतीच्या पायाशी वाळू उकरू लागले की हे सुटे दगड त्या खड्ड्यात आपोआप उतरतात आणि पाया झाकला जातो. दगड धवळेश्वरमच्याच टेकडीतून निघाला आणि तो वाहून नेण्यासाठी तिथे रूळ टाकले गेले. आगगाडी अजून मुंबई-ठाण्याला धावलीही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

आंध्रात आज कॉटन यांचे पुतळे गावोगाव आहेत आणि शेतकरी त्यांना ‘कॉटन दोरा’ म्हणून आदराने आठवतात. या आदरात खोटे काही नाही. पण एका माणसाने नदी वळवली, ही समजूत मात्र पुराव्याला धरून नाही. १८४८ मध्ये प्रकृती ढासळल्याने कॉटन रजेवर ऑस्ट्रेलियाला गेले, आणि मधली अत्यंत अवघड वर्षे काम कॅप्टन ऑर यांच्या हाती होते. हजारो मजूर, गवंडी आणि चुना भाजणारे यांना जमवणे, टिकवणे आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणे हे वीणम वीरण्णा यांचे काम होते. त्यांना पुढे रायबहादूर ही पदवी मिळाली. कल्लणैचे बांधकारे, तेलुगू गवंडी, मद्रासचे अभियंते अशा तीन परंपरांचे ज्ञान त्या बारा फुटांत सामावले आहे, आणि त्याचे श्रेय तसेच वाटून दिले पाहिजे.

आता लॉककडे वळू, कारण या लेखाचे मूळ तिथे आहे. बंधाऱ्यामुळे पाणी वर आले, पण नदीतून येणारी होडी अडली. म्हणून धवळेश्वरम, राली आणि विज्जेश्वरम येथे कालव्यांच्या तीन तोंडांशी तीन गोष्टी शेजारी शेजारी बांधल्या गेल्या: कालव्यात मोजून पाणी सोडणाऱ्या झडपा, होड्यांसाठी लॉक, आणि बंधाऱ्याच्या तळाशी वाळू धुऊन काढणारी दारे. ही तिसरी गोष्ट नसती तर पहिल्या दोन काही वर्षांतच गाळाने बुजल्या असत्या. लॉकचे काम साधे आहे. दोन टोकांना दरवाजे असलेली एक दगडी खोली असते. होडी आत आली की मागचा दरवाजा लावायचा, पाणी हळूहळू पुढच्या पातळीइतके भरायचे किंवा सोडायचे आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. यात ताकद पाण्याच्याच वजनाची असते. माणसाला फक्त दारे आणि झडपा हाताळायच्या असतात. पण सिंचनाच्या कालव्यावर असे लॉक चालवणे म्हणजे दोन परस्परविरोधी मागण्या सांभाळणे होते. शेताला वाहते पाणी हवे. ते संथ झाले की गाळ बसतो आणि टोकाच्या गावाला पाणी पोहोचत नाही. होडीला मात्र संथ आणि पुरेसे खोल पाणी हवे, नाहीतर प्रवाहाविरुद्ध तिला दोरखंडाने ओढणाऱ्या माणसांचा जीव जातो. डेल्टातल्या अभियंत्यांनी कालव्यांना अगदी मंद उतार दिला, आणि जमिनीचा उरलेला उतार ठरावीक अंतरांवर एकदम पाडला. प्रत्येक उतरणीशी होडीसाठी लॉक आणि त्याच्या शेजारी शेतीच्या पाण्यासाठी सांडवा. पाणी सांडव्यावरून खाली जाई, होडी लॉकमधून, आणि दोघांची वाट पुढे पुन्हा एक होई.

डेल्टात जमीन नदीकाठी उंच आणि नदीपासून दूर जाताना उतरती असते, हे इथे फार उपयोगी पडले. नदीने स्वतःच्या गाळाने रचलेल्या उंचवट्यांवरून कालवे नेले की दोन्ही अंगांना पाणी आपोआप उतरते. मधल्या बेटांवरही पाणी पोहोचवायचे तर मात्र नदीचे फाटे ओलांडणे भाग होते. वैनतेय फाट्यावरून नगरम बेटाकडे पाणी नेणारा गन्नवरमचा जलसेतू लेफ्टनंट हेग यांनी १८५२ मध्ये चाळीस फुटी एकोणपन्नास कमानींवर उभारला, आणि तोही एकाच उन्हाळ्यात, पूर यायच्या आत. शतक संपेपर्यंत गोदावरी डेल्टात सुमारे पाचशे मैलांचे कालवे होडीजोगे झाले होते. एलुरूला ते कृष्णेच्या कालव्यांना मिळत होते, आणि पुढे बकिंगहॅम कालव्यामुळे काकीनाडा ते मद्रास असा सलग जलमार्ग तयार झाला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन उपाशी मरत असताना गोदावरी आणि कृष्णेच्या डेल्टांत धान्य होते, आणि ते बाहेर काढायला होड्याही होत्या. मात्र हिशेबाच्या वहीत होड्यांवरच्या कराची रक्कम पाणीपट्टीपुढे नेहमीच लहान राहिली. म्हणजे लॉकचा खर्च भरून निघत होता तो भाताच्या पाणीपट्टीतून.

वरच्या गोदावरीची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची आहे, कारण तिचे दुसरे टोक विदर्भात होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या कारभारात आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. कापसाचा फार मोठा पट्टा अशा रीतीने इंग्रजांच्या हाती पडला, पण त्यातला माल समुद्राला नेण्याची सोय नव्हती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर शेकडो मैल, कधी मुंबईकडे तर कधी गंगेकाठच्या मिर्झापूरकडे जाई. वाटेत तो भिजे आणि धुळीने भरे. तेवढ्यात नकाशावर एक मोहक रेषा दिसली. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी सरळ समुद्राला जाते. हिंगणघाटचा कापूस या वाटेने काकीनाड्याला का जाऊ नये? हेग यांनी १८५६ मध्ये नदीची नौकानयनक्षमता तपासून अहवाल दिला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी त्यामागे जोर लावला, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस थांबल्यावर हा जोर दुप्पट झाला.

अडचण तीन ठिकाणी होती, निदान कागदावर तरी तीनच. नदीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देवलमरीजवळ. प्रत्येक अडथळ्याशी बंधारा, बाजूचा कालवा आणि लॉक अशी योजना ठरली. दुम्मागुडेमला ती बरीचशी प्रत्यक्षात आली, इंचमपल्लीला अर्धवट राहिली, देवलमरीला जेमतेम पोहोचली. जंगलातला हिवताप मजूर आणि अधिकारी दोघांनाही झोपवत होता, माणसे टिकत नव्हती, आणि प्रत्येक पुरासरशी कामाचा हंगाम बुडत होता. सिरोंचाला मुख्य ठाणे करून अप्पर गोदावरी नावाचा स्वतंत्र जिल्हाही उभा केला गेला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांना या मार्गाचे महत्त्व पटले होते. तरीही १८७१ मध्ये काम थांबले.

रेल्वेने योजना मारली असे म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, आणि जो कापूस महिनाभर बैलांच्या पाठीवर कुजत जाई तो काही दिवसांत मुंबईच्या गोदीत पडू लागला. चार वर्षांनी नदीचे काम बंद झाले, हा योगायोग नव्हे. रेल्वेने निर्णय लवकर घ्यायला लावला, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण रेल्वे हेच मूळ कारण असते तर डेल्टातल्या होड्याही तिच्यापुढे टिकल्या नसत्या. १८९३ मध्ये ईस्ट कोस्ट रेल्वे या प्रदेशातून धावू लागली, १९०० मध्ये राजमहेंद्रीला गोदावरीवर पूल झाला, आणि तरीही डेल्टाच्या कालव्यांतून भात, नारळ, लाकूड आणि मीठ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होडीने जात राहिले. स्पर्धक तोच, नदी तीच, पण निकाल वेगळा. त्यामुळे कारण रेल्वेच्या पलीकडे शोधावे लागते.

ते कारण लॉकच्या कामातच दडले आहे. लॉक होडीला पायरी चढवतो, पण पाणी निर्माण करीत नाही. तीन अडथळ्यांवर तीन पायऱ्या केल्या तरी त्यांच्यामधली शेकडो किलोमीटरची उघडी गोदावरी तशीच राहत होती: ऑगस्टमध्ये होडी उलटवणारी, मार्चनंतर वाळूत हरवणारी. वर्षभर खोल पाणी हवे असेल तर पाण्याचे एक कुंड दुसऱ्याला भिडेल इतक्या जवळजवळ बंधारे बांधावे लागतात. युरोपातल्या नद्या तशाच बांधल्या गेल्या. पण तिथल्या पुराचे आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचे प्रमाण गोदावरीसारखे टोकाचे नसते. इथे असे डझनभर बंधारे बांधायचे तर पैसा कोण देणार? काठावर जंगल होते, विरळ वस्ती होती, पाणीपट्टी देणारे भातखाचर नव्हते. सारा भार कापसाच्या गाठींवर, आणि कापूस वर्षातून एकदाच निघतो, तोही नेमका नदी आटू लागण्याच्या सुमाराला. धवळेश्वरमला होडीने शेताच्या पाण्यावर फुकटात प्रवास केला. दुम्मागुडेमला तिला आपली नदी स्वतः विकत घ्यावी लागणार होती.

यावर एक आक्षेप अधिक बोचरा आहे. कर्नूल-कडप्पा कालव्यात सिंचन आणि नौकानयन दोन्ही होते. तरीही मद्रास इरिगेशन कंपनीची ती योजना पैशाच्या दृष्टीने फसली आणि १८८२ मध्ये सरकारला ती विकत घ्यावी लागली. मग शेत असले की होडी चालते, हे कुठे खरे ठरले? पण कर्नूलचा तपशील माझ्याच बाजूने बोलतो. तिथली काळी जमीन ओल धरून ठेवणारी. पाऊस बरा झाला की ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कालव्याच्या पाण्याची गरजच भासत नसे. खडकाळ मुलखातून कालवा नेण्याचा खर्च अफाट झाला होता. म्हणजे पाणी होते, पण त्याचे दाम मोजणारे गिऱ्हाईक नव्हते, आणि म्हणून होडीलाही आधार मिळाला नाही. नकाशावर शेजारी शेत दिसले म्हणून भागत नाही. त्या शेताला ते पाणी दरसाल हवे असावे लागते.

कॉटन यांना हे कधी पटले नाही. १८७८ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना ते भारतभर नौकानयनाच्या कालव्यांचे जाळे विणण्याची बाजू तेवढ्याच निष्ठेने मांडत होते, आणि रेल्वेवरचा खर्च त्यांना उधळपट्टी वाटत होता. त्यांच्या रागाचा अर्धा भाग योग्यच होता. रेल्वेने धान्य हलवले, पण ते पिकवले नाही, आणि दुष्काळाला खरे उत्तर पिकवण्यातच असते. उरलेल्या अर्ध्यात मात्र त्यांनी आपल्याच यशाचा अर्थ चुकीचा लावला. धवळेश्वरमला यश मिळाले ते पाणी आणि जमीन यांच्या जुळणीमुळे, आणि होडी त्या जुळणीची पाहुणी होती. कॉटन यांनी पाहुण्याला यजमान समजून साऱ्या देशाचा आराखडा मांडला. ज्यांचा मी मनापासून आदर करतो अशा या अभियंत्याची ही चूक मला त्यांच्या थोरवीइतकीच अभ्यासण्याजोगी वाटते, कारण ती त्यांच्याबरोबर संपली नाही.

जुन्या बंधाऱ्याची जागा १९७० ते १९८२ या काळात बांधलेल्या १७५ दरवाजांच्या नव्या बॅरेजने घेतली आणि त्याला कॉटन यांचेच नाव दिले गेले. आज सुमारे दहा लाख एकर जमीन त्यावर भिजते. कालव्यांतली होडी मात्र रस्त्यांवरच्या ट्रकपुढे मागे पडली. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ ची हद्द गोदावरीवर भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत वाढवली. हा टप्पा जिथून जातो तिथे जायकवाडी आहे, श्रीरामसागर आहे, आणि त्यांच्या भिंतींत होडीसाठी लॉक नाही. मधल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे कोणत्या तारखेला उघडायचे आणि कोणत्या तारखेला लावायचे, हे ठरवायला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. इतके या नदीचे उन्हाळी पाणी आज वाटून गेले आहे. म्हणून नाशिक-भद्राचलम जलमार्गाचा एखादा आराखडा कधी समोर आला, तर महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी होडीच्या आकाराआधी एकच माहिती मागावी: मार्च ते जून या चार महिन्यांत या पात्रात किती पाणी ठेवले जाणार आहे, आणि ते कोणाच्या वाट्यातून येणार आहे.